होलोग्राम फॅनवरचं चित्र मध्येच डुलतं? पंखा खोलायच्या आधी सेकंद मोजा

धनत्रयोदशीला आठ दिवस उरले होते. कोल्हापुरातल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका सराफांच्या शोकेसमध्ये आम्ही ४२ सेंटिमीटरचा, दोन पात्यांचा होलोग्राम फॅन (फिरत्या पात्यांवरच्या दिव्यांनी हवेत चित्र दाखवणारा पंखा) लावला होता. काळ्या पडद्यासमोर कोल्हापुरी साज तरंगत फिरायचा, मग कासव, मासा, चंद्र अशी साजाची पानं एकेक करून पुढे यायची आणि शेवटी पांढऱ्या झळाळीतून दुकानाचं नाव उमटायचं. अॅनिमेशन ९० सेकंदांचं. लावलं त्या संध्याकाळी जाणारे-येणारे थांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठचा फोन आला, "दादा, चित्र डुलतंय बघा. मध्येच तिरकं होतंय, परत सरळ होतंय."

पुढच्या पाच दिवसांत मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा मेमरी कार्ड बदललं. दुसऱ्यांदा मागची चकती उघडून चुंबक पुन्हा चिकटवलं. तिसऱ्यांदा अख्खा पंखाच बदलला. प्रत्येक वेळी पंखा बंद करून चालू केला की साज झकास फिरताना दिसायचा आणि मी निघायचो. संध्याकाळी पुन्हा फोन यायचा.

चौथ्या वेळी काहीही खोलायचं नाही असं ठरवलं. शोकेससमोर स्टूल टाकून बसलो, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि चित्र डुललं की वहीत वेळ लिहायची, एवढंच केलं. वहीत आलं: १ मिनिट १२ सेकंद, २ मिनिटं ४२ सेकंद, ४ मिनिटं १२ सेकंद, ५ मिनिटं ४२ सेकंद. दर वेळी बरोबर ९० सेकंदांचं अंतर. म्हणजे अॅनिमेशनच्या ७२व्या सेकंदाला, जिथे पांढरी झळाळी येते, तिथेच चित्र हलत होतं. पंखा नवा असो वा जुना, कार्ड हे असो वा ते.

तेव्हापासून माझी पहिली तपासणी हीच असते. चित्र हलण्याच्या तक्रारीत आधी वेळ बघायची. बिघाड अॅनिमेशनच्या ठरावीक सेकंदाला येतो, कधीही येतो, की तास-दोन तासांनी वाढत जातो? या तिन्हींची कारणं निरनिराळी आहेत. हे न बघता स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की माझे गेले तसे पाच दिवस जातात.

चित्र उमटतं कसं, तेवढं आधी

दिवाळीत फुलबाजी गोल फिरवली की अंधारात उजेडाचं कडं दिसतं. पेटतं कोलीत फिरवल्यावर दिसणाऱ्या त्या कड्याला संस्कृतात अलातचक्र म्हणतात. होलोग्राम फॅनचं तंत्र तेच, दृष्टिसातत्याचं. पात्यावर एलईडींची एक ओळ असते, पातं फिरतं, आणि पात्याच्या प्रत्येक कोनाला त्या ओळीतले कोणते दिवे कोणत्या रंगात लावायचे हे आतला कंट्रोलर ठरवतो. पातं वर असताना साजाचा वरचा भाग, उजवीकडे गेलं की उजवीकडचा. डोळा हे सगळं एकत्र करतो.

पण पातं आत्ता कुठे आहे, हे कंट्रोलरला कळणार कसं? त्यासाठी न फिरणाऱ्या भागावर एक छोटं चुंबक असतं आणि फिरणाऱ्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की सिग्नल देणारा सेन्सर). काही पंख्यांत चुंबकाऐवजी इन्फ्रारेड दिवा आणि त्याचा सेन्सर असतो. दर फेरीला एकदा खूण मिळते. दोन खुणांमध्ये किती वेळ गेला हे कंट्रोलर मोजतो, आणि पुढची फेरीही तेवढाच वेळ घेईल असं धरून चित्राच्या केंद्रापासून कडेपर्यंतच्या फाकी त्या वेळात वाटून टाकतो.

सगळी गोम या "तेवढाच वेळ घेईल" मध्ये आहे. पंखा मिनिटाला ७०० फेऱ्या घेत असेल तर एक फेरी साधारण ८६ मिलिसेकंदांची होते. पुढच्या फेरीत वेग नुसता अर्धा टक्का कमी झाला, तरी कंट्रोलरच्या फाकी आधी संपतात आणि पातं जवळपास २ अंश मागे राहतं. ४२ सेंटिमीटरच्या पंख्यात कडेला याची सुमारे ७ मिलिमीटरची फट होते. दोन पात्यांच्या पंख्यात ही फट समोरासमोर दोन ठिकाणी येते. शिवाय एकाच जागी दोन पात्यांनी काढलेलं चित्र एकमेकांवर नीट बसत नाही, म्हणून कडा दुहेरी दिसतात. ग्राहक याला डुलणं म्हणतात, थरथरणं म्हणतात, काही जण "चित्र फाटतंय" म्हणतात.

ठरावीक सेकंदाला हलत असेल तर: आधी वायर बघा

गुजरीत नेमकं काय झालं होतं ते सविस्तर सांगतो, कारण मला आलेल्या तक्रारींत हे कारण वारंवार निघालंय.

शोकेस देखणं दिसावं म्हणून अडॅप्टर खाली काउंटरमध्ये लपवला होता आणि तिथून वर पंख्यापर्यंत १२ व्होल्टची पाच मीटर वायर ओढली होती. वायर हाताशी होती ती घेतली, बारीक, ०.२ स्क्वेअर एमएमची. पाच मीटर जायचे, पाच मीटर यायचे, म्हणजे दहा मीटर तांबं. त्याचा रोध सुमारे ०.८६ ओहम भरतो. काळ्या फ्रेमला फक्त मोटर आणि कंट्रोलर चालतात, अर्धा अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, त्यामुळे ड्रॉप (वायरमध्ये होणारी व्होल्टेजची घट) जाणवत नाही. पूर्ण पांढरी फ्रेम आली की लाल, हिरवा, निळा असे सगळे एलईडी एकदम पेटतात आणि प्रवाह दोन अँपिअरच्या वर जातो.

मल्टीमीटर पंख्याच्या टोकाला लावला. साज फिरताना ११.८ व्होल्ट. ७२व्या सेकंदाला १०.१. झळाळी ओसरली की परत ११.८.

स्वस्त पंख्यांत मोटर आणि एलईडी एकाच १२ व्होल्टवर असतात. व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, वर सांगितलेली फट तयार होते, चित्र तिरकं होतं. व्होल्टेज परत आलं की मोटर वेग घेते. आता खूण वेळेआधी मिळते आणि शेवटच्या फाकी कापल्या जातात. शेठना जे "तिरकं होऊन परत सरळ" दिसत होतं ते हेच.

याची आणखी एक खूण आहे, मीटर जवळ नसला तरी दिसते. पांढऱ्या फ्रेमचा रंग बघा. निळ्या आणि हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल एलईडीला २ च्या आसपास. व्होल्टेज पडलं की निळा-हिरवा आधी मार खातो आणि पांढरा पिवळट, तांबूस दिसायला लागतो. दुकानाचं नाव पांढरंशुभ्र असायला हवं आणि ते पिवळट येत असेल, तर डिझायनरला फोन करायच्या आधी वायर बघा. सोन्याच्या अॅनिमेशनमध्ये हे चटकन कळत नाही, कारण सगळंच पिवळं असतं.

उपाय साधा होता. अडॅप्टर वर, पंख्याच्या मागे नेला आणि खालून २३० व्होल्टची वायर आणली. २९-३० वॅटचा लोड २३० व्होल्टवर जेमतेम ०.१३ अँपिअर घेतो, तिथे ड्रॉप नावालाही येत नाही. अडॅप्टर वर नेणं शक्यच नसेल तर १२ व्होल्टला किमान १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाका. पाच मीटरला २.४ अँपिअरवर तिचा ड्रॉप पाव व्होल्टच्या थोडा वर जातो, तेवढा चालतो. पण मला विचाराल तर अडॅप्टर जवळ हवा. लांब १२ व्होल्ट ओढायची सवयच सोडून द्या.

दुसरा उपाय अॅनिमेशनमध्ये. झळाळी एका फ्रेममध्ये शून्यावरून पूर्ण पांढरी करू नका. १०-१२ फ्रेममध्ये चढवा आणि ६०-७० टक्क्यांवर थांबवा. काळ्या पार्श्वभूमीवर ७० टक्के पांढराही डोळे दिपवतो. आणि एकामागून एक भराभर लखलखाट करणारी अॅनिमेशन तर लावूच नका. अपस्माराच्या काही रुग्णांना अशा लुकलुकण्याने झटका येऊ शकतो, आणि शोकेससमोरून कोण जाईल हे आपल्या हातात नसतं.

केव्हाही हलत असेल तर: खूण चुकतेय

वहीतल्या वेळा एकमेकींशी जुळत नसतील, चित्र क्षणभर उलटं होत असेल किंवा अचानक काळं पडून परत येत असेल, तर सेन्सरला फेरीची खूण कधी मिळतेय, कधी नाही. पंखा बंद करा, प्लग काढा, पाती पूर्ण थांबू द्या. मग हाताने हळूहळू फिरवून चुंबक आणि सेन्सर समोरासमोर आल्यावर मध्ये किती अंतर आहे ते बघा. चुंबक कलंडलेलं असतं, किंवा पातं बसवताना वॉशर विसरल्यामुळे पाटी एका बाजूला उचललेली असते. दोन-तीन वेळा मला हेच सापडलं.

इन्फ्रारेडवाल्या पंख्यात धूळ हे मोठं कारण. गणपतीत मंडपात लावलेले पंखे परत येतात तेव्हा सेन्सरच्या खाचेत गुलालाचा गुलाबी थर बसलेला असतो. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ओल्या फडक्याने नको. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुकीतल्या ट्रॉलीवर असा पंखा लावायचा असेल, तर ज्यात चुंबक आहे तोच पंखा न्या आणि पुढून अॅक्रिलिकचं झाकण लावा. कमानीच्या दिव्याचा किंवा थेट उन्हाचा झोत इन्फ्रारेड सेन्सरवर पडला तरी त्याची गल्लत होते, म्हणून जागा ठरवताना तेही बघून घ्या.

तासागणिक वाढत असेल तर: काहीतरी सुटतंय

सकाळी ठीक, दुपारी थोडं तिरकं, संध्याकाळी आणखी तिरकं, आणि बंद करून चालू केलं तरी तसंच. इथे दोन जागा तपासा.

पहिली, भिंतीवरची पट्टी. चुंबक न फिरणाऱ्या बॉडीवर आहे, त्यामुळे बॉडी जितकी वळेल तितकंच चित्र वळतं. मोटर पात्यांना एका दिशेला ढकलते तेव्हा बॉडीला उलट दिशेला तेवढाच धक्का बसतो. पंखा एकाच स्क्रूवर टांगलेला असेल, किंवा भिंतीतली स्क्रूची गिट्टी सैल असेल, तर दिवसभराच्या थरथरीने बॉडी अंशाअंशाने सरकते. बसवून झालं की बॉडीवरून पट्टीवर जाईल अशी मार्करची एक सरळ रेघ मारून ठेवा. तक्रार आली की रेघ जुळतेय का ते बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे. जुळत नसेल तर स्प्रिंग वॉशर घालून नट आवळा आणि दुसरा स्क्रू मारा.

दुसरी जागा, चुंबक ज्याने चिकटवलंय तो हॉट ग्लू. पश्चिमेकडे तोंड असलेल्या बंद काचेच्या शोकेसमध्ये मे महिन्याच्या दुपारी काळं प्लास्टिक हात लावून बघा. त्या उष्णतेत हॉट ग्लू मऊ पडतो आणि चुंबक सरकतं. जुना ग्लू खरवडून, जागा पुसून, दोन घटकांच्या इपॉक्सीने चिकटवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. चुंबक काढण्यापूर्वी त्याची जागा आणि वर असलेली बाजू मार्करने दाखवून ठेवा. काही हॉल सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला प्रतिसाद देतात, चुंबक उलटं बसलं तर चित्रच येत नाही.

थरथर नुसती डोळ्यांना न दिसता हातालाही जाणवत असेल, शोकेसची काच गुणगुणत असेल, तर पात्यांचा तोल गेलाय. प्लग काढून पाती हलकेच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. एकच पातं पुन्हा पुन्हा खाली येऊन थांबत असेल तर ते जड आहे. मोटरमधले चुंबकही पातं ठरावीक जागी अडवतात, म्हणून दहा-बारा वेळा करून बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. बहुतेकदा पात्यावर जुन्या डबल टेपचा तुकडा किंवा धुळीचा थर असतो, पुसल्यावर तोल येतो. पातं वाकलं असेल तर सरळ करत बसू नका, दोन्ही पाती जोडीने बदला.

माझी टेस्ट फाइल

गुजरीच्या प्रकरणानंतर मी दोन मिनिटांची एक फाइल बनवली आणि ग्राहकाचं अॅनिमेशन टाकण्याआधी प्रत्येक पंख्यावर ती चालवतो. चौरस फ्रेम, काळी पार्श्वभूमी. पहिली २० सेकंद काहीच नाही, निव्वळ काळं. मग बारीक पांढरी अधिकची खूण आणि तिच्याभोवती तीन वर्तुळं, ही अर्धा मिनिट स्थिर. मग लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ५ सेकंद. मग पांढरा २५, ५०, ७५ आणि १०० टक्के, प्रत्येकी १० सेकंद. शेवटी अधिकची खूण मध्ये आणि तिच्यामागे दर दोन सेकंदांनी पांढरी फ्रेम, १५ सेकंद.

स्थिर खूण हलली तर सेन्सर किंवा पट्टी. स्थिर असताना न हलता शेवटच्या १५ सेकंदांत हलली तर वीज. १०० टक्के पांढऱ्याला पंखा बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर अडॅप्टर कमी पडतोय. लाल-हिरव्या-निळ्यात एखादं बारीक कडं काळं किंवा मंद दिसलं तर तिथला एलईडी गेलाय. मीटर लावून १०० टक्क्यांचा आकडा मात्र दर वेळी लिहून ठेवतो.

पहिली काळी २० सेकंद सगळ्यात महत्त्वाची. या पंख्यात काळं म्हणजे दिवा बंद, आणि दिवा बंद म्हणजे आरपार. काळ्या फ्रेमला दुकानातले दिवे मालवून बघा. करडी, धूसर थाळी फिरताना दिसली तर तुमचं काळं खरं काळं नाही, आणि मग तरंगण्याचा सगळा भास जातो. याची दोन कारणं मला नेहमी सापडतात. एक, व्हिडिओत काळा ० ऐवजी १६ आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ धरायची पद्धत आहे. फाइल बदलताना ही गफलत झाली की १६ चा काळा तसाच पंख्यावर येतो. एक्स्पोर्ट करताना फुल रेंज आणि लिमिटेड रेंज यांतलं काय निवडलंय ते बघा. दोन, ब्लेंडर या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडली की वर्ल्डचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, रंग काळा नसतो, गडद करडा असतो. तो शून्य करावा लागतो. ब्लेंडरमध्येच रंग दाखवण्याचं सेटिंग, व्ह्यू ट्रान्सफॉर्म, स्टँडर्डवर ठेवा. ब्लेंडर ४ पासून आपोआप येणारं एजीएक्स भडक रंगांना फिकं करतं, आणि सोनं पंख्यावर मळकट दिसतं.

फोनमधून फाइल जातच नसेल तर बहुतेक वेळा पंखा निर्दोष असतो. पंख्याच्या वायफायला इंटरनेट नसतं, त्यामुळे अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. डेटा बंद करा आणि मग पाठवा. कार्ड वापरत असाल तर ते एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करा.

व्हॉट्सअॅपवर आलेली तक्रार

ग्राहक व्हिडिओ पाठवतात आणि त्यात चित्राचा अर्धा भाग काळा, पट्टे फिरताना. गाडी काढायच्या आधी एवढंच विचारा, "समोर उभं राहून डोळ्यांना कसं दिसतंय?" दोन पात्यांच्या पंख्याला पूर्ण चित्र काढायला अर्धी फेरी लागते, ७०० फेऱ्यांना सुमारे ४३ मिलिसेकंद. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे एका फ्रेमला जास्तीत जास्त ३३ मिलिसेकंद मिळतात. चित्र पूर्ण व्हायच्या आतच कॅमेरा मिटतो. यावर त्या पंख्यात इलाज नाही. फोटो हवा असेल तर प्रो मोडमध्ये शटर १/२० किंवा त्याहून संथ ठेवा. व्हिडिओ चांगला यायलाच हवा असेल, लोक रील काढणार असतील, तर चार पात्यांचा पंखा घ्या. तिथे २१-२२ मिलिसेकंदांत चित्र पूर्ण होतं आणि १/४० चं शटर पुरतं.

झाकणाबद्दल ग्राहकाशी मी वाद घालत नाही, झाकण नसेल तर पंखा लावत नाही. ४२ सेंटिमीटरच्या पंख्यात पात्याचं टोक ७०० फेऱ्यांना ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने जातं, आणि ६५ सेंटिमीटरच्या पंख्यात ते ८५ च्या पुढे जातं. फिरताना पातं दिसत नाही, चित्र दिसतं. लहान पोर त्या चित्राला हात लावायलाच पुढे येतं.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री दहा वाजता गुजरीत अडॅप्टर वर बसवला, झळाळी ७० टक्क्यांवर आणली आणि स्टूलवर बसून अॅनिमेशनच्या दहा फेऱ्या पूर्ण बघितल्या. ७२व्या सेकंदाला मीटर ११.७ वर राहिला आणि नाव सरळ उमटलं. पंख्याच्या मागे इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून त्यावर तारीख आणि ११.७ लिहून ठेवलंय. पुढे कधी तिथून फोन आला, तर आधी हाच आकडा मोजणार.